चिनी उद्यानकला : रचना, अर्थ आणि तिची किंमत

१. प्रस्तावना

छत्तीसगडच्या इतिहासाचा अभ्यास करताना चीनशी आपली पहिली भेट होते ती ह्युएन त्संगमुळे. सातव्या शतकात तो दक्षिण कोसलात आला आणि इथला राजा, इथले विहार यांची नोंद करून गेला. रायपूरजवळच्या सिरपूरचा विषय निघाला की त्याचे नाव येतेच. चिनी संस्कृतीची एक दुसरी वाटही आपल्यापर्यंत येते. तिच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. ही वाट बागांची आहे.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. सुमारे दहा एकरांचे हे उद्यान जपानी पद्धतीचे असून ते ओकायामा शहरातील कोराकुएन या बागेवरून आखलेले आहे. म्हणून त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही म्हणतात. तळे, वळणाच्या वाटा, छोटे पूल, हिरवळीचे उंचवटे हे सगळे तिथे आहे. ‘कोराकुएन’ या नावाचा अर्थ साधारण ‘नंतर आनंद घेण्याची बाग’ असा होतो. नंतर म्हणजे कशाच्या नंतर, कोणाच्या नंतर? याचे उत्तर जपानमध्ये मिळत नाही. त्यासाठी अकराव्या शतकातील चीनमध्ये जावे लागते.

या पाठात आपण चिनी बागेची रचना आणि तिच्यामागचा अर्थ पाहणार आहोत. त्याबरोबर एक प्रश्न सतत जवळ ठेवायचा आहे: बागेचा आनंद कोणाचा आणि त्याची किंमत कोणी मोजली? चिनी विचारवंतांनी आणि बाग करणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःच वेळोवेळी विचारलेला आहे.

२. डोंगर आणि पाणी

चिनी भाषेत निसर्गदृश्याला ‘शानश्वेई’ म्हणतात. ‘शान’ म्हणजे डोंगर आणि ‘श्वेई’ म्हणजे पाणी. एक स्थिर, दुसरे वाहते. एक उंच, दुसरे सखल. या दोन परस्परपूरक तत्त्वांच्या मेळातून सृष्टी चालते, हा ताओ विचारातील गाभ्याचा भाग आहे. चित्रकार तो कागदावर आणि रेशमावर मांडत असे. बाग करणारा तोच जमिनीवर मांडत असे. म्हणून चिनी बागेत फुलांचे ताटवे गौण असतात. आधी खडक आणि पाणी यांची जागा ठरते, मग इमारती, आणि त्यानंतर झाडे.

आरंभीच्या मोठ्या बागा सम्राटांच्या होत्या. हान वंशाचा सम्राट वू (राज्यकाल इ. स. पू. १४१ ते ८७) याने राजधानीत मोठे तळे खोदून त्यात तीन बेटे उभी केली. पूर्वेच्या समुद्रात अमर लोकांची तीन बेटे आहेत अशी समजूत होती. ही बेटे त्यांचीच प्रतिरूपे होती. अमरत्वाची ओढ असलेल्या सम्राटाने समुद्रच घराशी आणला, असे म्हणता येईल. एका तळ्यात तीन बेटे ही मांडणी पुढे शतकानुशतके राजउद्यानांत येत राहिली आणि जपानी बागांतही पोहोचली.

दुसरी परंपरा विद्वान अधिकाऱ्यांची. कवी ताओ युआनमिंग (इ. स. ३६५ ते ४२७) याने ४०५ मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि तो गावी शेती करू लागला. दरबार सोडून साध्या जागी परतणे हा आदर्श त्याच्यामुळे पक्का झाला. पुढील प्रत्येक विद्वानाच्या बागेवर त्याची सावली दिसते. यातला ताण मात्र ध्यानात घ्यावा. बाग बांधायला पैसा लागतो आणि तो पैसा बहुधा त्याच नोकरीतून आलेला असे.

३. रचनेची सूत्रे

तुलनेसाठी आपल्या परिचयाची बाग घेऊ. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या दारात उभे राहिले की सगळी बाग एका दृष्टिक्षेपात कळते. सरळ पाण्याचा पाट, दोन्ही बाजू सारख्या, चार भागांत विभागलेली जमीन आणि मध्यभागी मुख्य इमारत. ही चारबाग पद्धत आहे. तिचे सौंदर्य सममितीत आहे.

चिनी विद्वानाची बाग याच्या उलट चालते. दारातून आत गेले की समोर भिंत, खडक किंवा बांबूची दाटी येते. काही पावलांवर वाट वळते आणि तळ्याचा एक कोपरा दिसतो. आणखी वळल्यावर भिंतीतल्या जाळीदार खिडकीतून पलीकडचे अंगण अर्धवट दिसते. गोल चंद्रद्वारातून पुढचे दृश्य चौकटीत बसवल्यासारखे समोर येते. पूल नागमोडी असतो, त्यामुळे चालणाऱ्याचे तोंड दर वळणावर नव्या दिशेला होते. गुंडाळलेले लांब चित्र हळूहळू उलगडत पाहावे, तशी ही बाग चालत पाहायची असते. त्यामुळे लहान जागाही मोठी भासते. सुझोऊ शहरातील ‘जाळ्यांच्या स्वामीची बाग’ जेमतेम अर्ध्या हेक्टरची आहे, पण एकाच ठिकाणी उभे राहून ती पूर्ण पाहता येत नाही.

या कलेचे शास्त्र जी चेंग याने १६३१ मध्ये ‘युआन ये’ या ग्रंथात मांडले. जी चेंग स्वतः चित्रकार होता आणि पुढे बागा आखू लागला. त्याच्या विवेचनातील दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की बाग माणसाने केलेली असली तरी ती आपोआप घडल्यासारखी वाटली पाहिजे. म्हणून ठरावीक नकाशा नसतो; जागेचा उतार, पाणी आणि आधीपासून असलेली झाडे पाहून आखणी करायची. दुसरा मुद्दा ‘च्येचिंग’ म्हणजे उसन्या दृश्याचा. भिंतीबाहेरचा डोंगर, दूरचा मनोरा, वरचे आकाश, खालचे पाणी आणि बदलते ऋतू हे सगळे बागेने उसने घ्यायचे. सुझोऊच्या एका मोठ्या बागेतून दूरचा बौद्ध स्तूप-मनोरा असा दिसतो की तो बागेतच आहे असे वाटावे.

उसने दृश्य म्हणजे मालकीच्या पलीकडचे सौंदर्य. डोंगर कोणाच्या बापाचा नसतो. तो दिसत राहावा एवढीच व्यवस्था करायची असते. पण याचा दुसरा अर्थ असा की बागेचे आयुष्य बागेबाहेरच्या गोष्टींवर अवलंबून राहते. मध्ये उंच इमारत आली की एक फांदीही न तोडता बाग तोडली जाते.

खडकांनाही वेगळे स्थान आहे. थाईहू सरोवरातील चुनखडीचे दगड पाण्याने झिजून सच्छिद्र होतात. चांगला दगड कृश असावा, त्यावर सुरकुत्या असाव्यात, त्याला आरपार भोके असावीत आणि त्यातून पाणी व हवा खेळावी, अशा कसोट्या सांगितल्या जात. असा दगड अंगणात उभा केला की तो एका अंगाने शिल्प आणि दुसऱ्या अंगाने अख्खा पर्वत असतो.

४. नावाशिवाय बाग अपुरी

चिनी बागेतील प्रत्येक मंडपाला, पुलाला, दालनाला नाव असते आणि ते सुंदर अक्षरांत फलकावर लिहिलेले असते. ही नावे जुन्या साहित्यातून घेतलेली असतात. ज्याला संदर्भ माहीत आहे त्याला समोरचे दृश्य अधिक खोल दिसते. छाओ श्युएछिन याच्या अठराव्या शतकातील ‘होंगलौमेंग’ या कादंबरीत एक प्रसंग आहे. मोठ्या खर्चाने बाग तयार होते, पण वडील म्हणतात की नावे दिल्याशिवाय ती जिवंत वाटणार नाही. मग ते मुलाला बरोबर घेऊन फिरतात आणि जागोजागी नाव सुचवायला लावतात. ती मुलाची परीक्षाच असते.

झाडांची निवडही याच रीतीने होते. थंडीतही हिरवे राहणारे पाइन आणि बांबू, तसेच थंडीतच फुलणारा प्लम यांना ‘हिवाळ्याचे तीन मित्र’ म्हणतात. संकटात न डगमगणाऱ्या माणसाचे ते प्रतीक. कमळाचा अर्थ तर आपल्याला समजावून सांगायला नको. अकराव्या शतकातील विचारवंत झोऊ दुनयी याने चिखलात उगवूनही निर्मळ राहणाऱ्या कमळाला सज्जनाची उपमा दिली. त्याच्या लेखावरून सुझोऊच्या एका बागेतील मुख्य दालनाला ‘दूरच्या सुगंधाचे दालन’ हे नाव मिळाले. समोरच्या तळ्यात कमळे असतात आणि उन्हाळ्यात नावाचा अर्थ वाऱ्यावरून येतो.

५. सुखाची किंमत : सम्राट ह्वेइझोंग

सोंग वंशाचा सम्राट ह्वेइझोंग हा उत्तम चित्रकार होता आणि त्याची लेखनशैली आजही नावाजली जाते. १११७ पासून त्याने राजधानी कायफेंगमध्ये ‘गेनयुए’ नावाचा कृत्रिम डोंगर आणि त्याभोवती बाग उभारायला घेतली. हे काम ११२२ मध्ये पुरे झाले. त्यासाठी दक्षिणेतून दुर्मीळ दगड आणि झाडे आणण्याची खास सरकारी यंत्रणा होती. कोणाच्याही अंगणातला दगड पसंत पडला की त्यावर सरकारी खूण होई. तो बाहेर काढण्यासाठी भिंती पाडल्या जात. मोठे दगड नेताना वाटेतले पूल मोडावे लागत आणि धान्य वाहणाऱ्या नावा दगडांसाठी वापरल्या जात.

या जाचाचा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. ११२० मध्ये फांग ला याच्या नेतृत्वाखाली मोठे बंड झाले. दगडांच्या वसुलीविरुद्धचा संताप हे त्याचे एक प्रमुख कारण होते. ते मोडून काढले गेले, पण राज्य पोखरले गेले होते. जुर्चेन सैन्याने कायफेंगला वेढा घातला तेव्हा बागेतील लाकूड सरपणासाठी तोडले गेले आणि दगड शत्रूवर फेकण्यासाठी फोडले गेले. ११२७ मध्ये राजधानी पडली. ह्वेइझोंग कैदेत गेला आणि कैदेतच वारला.

चिनी इतिहासकारांनी ही बाग विलासाने राज्य बुडाल्याचे उदाहरण म्हणून सांगितली. केवळ बागेमुळे साम्राज्य पडले असे म्हणणे अर्थातच बरोबर नाही. लष्करी दुबळेपणा आणि चुकलेले परराष्ट्र धोरण ही मोठी कारणे होती. पण दगड वाहून नेणाऱ्याचे हाल आणि दगड पाहणाऱ्याचे सुख यांतील अंतर लोकांना उघड्या डोळ्यांनी दिसले, हे खरे.

६. सुझोऊ : पदावरून उतरलेल्यांच्या बागा

सुझोऊतील जुन्या बागांपैकी ‘छांगलांग मंडप’ ही बाग सु शुनछिन या कवी-अधिकाऱ्याची. १०४४ मध्ये कचेरीतील रद्दी कागद विकून आलेल्या पैशातून मेजवानी केल्याच्या ठपक्यावरून त्याला बडतर्फ करण्यात आले. खरे कारण राजकीय होते. तो सुधारणावादी गटातला होता आणि त्या गटाचा नेता होता फान झोंगयान. सु शुनछिन सुझोऊला आला, पाण्याकाठची पडीक जमीन घेतली आणि मंडप बांधला. मंडपाचे नाव एका प्राचीन कोळ्याच्या गाण्यावरून आहे. पाणी स्वच्छ असो वा गढूळ, माणसाने त्याप्रमाणे वागावे असा त्या गाण्याचा रोख. बडतर्फ अधिकाऱ्याने हे नाव का निवडले असेल, हे वेगळे सांगायला नको. या बागेचे मुख्य पाणी भिंतीबाहेरून वाहते. त्यामुळे बाग रस्त्यावरच्या माणसालाही थोडी दिसते.

१५०९ मध्ये वांग शियानचेन या निवृत्त अधिकाऱ्याने ‘झुओझेंग युआन’ म्हणजे ‘अडाणी प्रशासकाची बाग’ सुरू केली. भाजी पिकवून विकणे हाच निरुपयोगी अधिकाऱ्याचा राज्यकारभार, अशा अर्थाच्या एका जुन्या लेखनातून हे नाव घेतले आहे. नावात नम्रता आहे आणि दरबारावरचा टोलाही आहे. चित्रकार वेन झेंगमिंग याने १५३३ मध्ये या बागेची ३१ दृश्ये चितारून त्यांवर कविता लिहिल्या. पण मालकाच्या मुलाने बाग जुगारात घालवली. नंतर तिचे तुकडे झाले, मालक बदलले. १८६० नंतर तैपिंग बंडातील सेनापती ली शिउछेंग याने तिथे आपले ठाणे केले. आजची बाग वेन झेंगमिंगच्या चित्रांतली बाग नाही. अनेकदा मोडून पुन्हा बांधलेली ती बाग आहे. छांगलांग मंडपाचीही तीच गोष्ट. टिकली ती नावे, नोंदी आणि मांडणीची रीत. सुझोऊच्या बागांना १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि २००० मध्ये आणखी बागांची भर पडून त्यांची संख्या नऊ झाली.

सगळ्याच बागा पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पेइचिंगजवळची ‘युआनमिंग युआन’ ही छिंग सम्राटांची बाग सुमारे साडेतीनशे हेक्टरवर पसरली होती. दुसऱ्या अफू युद्धात, ऑक्टोबर १८६० मध्ये, ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने ती लुटली. पकडलेल्या प्रतिनिधी मंडळातील लोकांचा कैदेत छळ होऊन मृत्यू झाला, याचा सूड म्हणून लॉर्ड एल्गिन याने ती जाळण्याचा हुकूम दिला. हा इतिहास आपल्यालाही चिकटलेला आहे. ज्या अफूसाठी हा संघर्ष पेटला ती हिंदुस्थानात पिकत होती आणि मुंबई-कलकत्त्याहून जात होती. त्या मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या. एल्गिन स्वतः १८६२ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ मध्ये धर्मशाळा येथे वारला.

७. ओकायामा ते पुणे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. फान झोंगयान (९८९ ते १०५२) याच्या सुधारणा फसल्या आणि त्याला राजधानीपासून दूर पाठवण्यात आले. १०४६ मध्ये त्याने युएयांग मनोऱ्याच्या जीर्णोद्धारानिमित्त एक लेख लिहिला. त्यात त्याने राज्यकर्त्याचे कर्तव्य सांगितले. जगाला चिंता वाटण्याआधी त्याने चिंता करावी आणि जग सुखी झाल्यानंतर त्याने सुख भोगावे, असा त्याचा आशय आहे. ‘कोराकुएन’मधील ‘नंतर’ तो हाच. लोकांच्या नंतर.

ओकायामाचा सरंजामदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये ही बाग बांधायला घेतली आणि १७०० मध्ये ती पूर्ण झाली. जवळचा किल्ला आणि मिसाओ टेकडी हे तिथले उसने दृश्य. दोनशे वर्षे ती सरंजामदारांची खासगी बाग होती. तिला कोराकुएन हे नाव १८७१ मध्ये मिळाले आणि १८८४ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. म्हणजे नावात जे वचन होते ते पाळले जायला नंतर तेरा वर्षे लागली. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बॉम्बफेक यांत तिचे नुकसान झाले. जुनी चित्रे आणि नोंदी यांच्या आधारे ती पुन्हा सावरली गेली.

पुण्याचे उद्यान आरंभापासूनच महानगरपालिकेचे, म्हणजे लोकांचे आहे. विद्वान अधिकाऱ्याने एकांतासाठी उभी केलेली कल्पना सरंजामदाराच्या हाती गेली आणि शेवटी सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोहोचली. चालत चालत उलगडणारी मांडणी इथेही आहे. तिला पु. लं.चे नाव मिळाले, हेही चिनी रीतीला धरूनच झाले. नावामुळे जागेला साहित्याचा संदर्भ मिळतो आणि मराठी माणूस त्या दारातून थोडे हसऱ्या चेहऱ्याने आत जातो.

८. रायपूरच्या तलावांकडे पाहताना

रायपूरमध्ये चिनी पद्धतीची बाग नाही. पण पाणी मध्यभागी ठेवून वस्ती रचण्याची परंपरा इथे जुनी आहे. बूढा तलाव, महाराजबंध, कंकाली तलाव, तेलीबांधा ही नावे सगळ्यांच्या तोंडी आहेत. हे तलाव निस्तारासाठी, पिण्यासाठी, पूजेसाठी होते. ते कोणा एकट्याच्या करमणुकीचे नव्हते. बूढा तलावाला आज विवेकानंद सरोवरही म्हणतात, कारण बालपणी, १८७७ मध्ये, विवेकानंद वडिलांबरोबर रायपूरला राहायला आले होते. त्या तलावातल्या बेटावर आज बाग आणि त्यांचा पुतळा आहे.

या शहरात नाव टिकून पाणी गेल्याचेही उदाहरण आहे. ‘रजबंधा मैदान’ म्हणताना आपण ‘बंधा’ उच्चारतो, पण तिथला तलाव बुजून मैदान झाले. पुण्यातही सारसबागेतला गणपती ‘तळ्यातला गणपती’ म्हणून ओळखला जातो आणि भोवतीचे जुने तळे मात्र उरलेले नाही. चिनी बागेत नाव दृश्याचा अर्थ सांगते. इथे नाव हरवलेल्या दृश्याची साक्ष देते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी नावे साधन म्हणून वापरता येतात.

आज तलावांच्या सुशोभीकरणाचे काम ठिकठिकाणी चालते. तेलीबांध्याच्या काठाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात आणि संध्याकाळी तिथे गर्दी असते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जी चेंगचा निकष लावला तर आणखी काही विचारावे लागते. आखणी जागेच्या स्वभावाला धरून आहे का? पाणी येण्याजाण्याच्या वाटा मोकळ्या आहेत का? आणि फान झोंगयानचा निकष लावला तर: या काठावर ज्यांचे रोजचे काम होते, त्यांना या सौंदर्यात जागा उरली का?

९. सारांश

चिनी बाग म्हणजे डोंगर आणि पाणी यांचा छोटेखानी मेळ. ती सममिती टाळते, चालत पाहायला लावते, बाहेरचे दृश्य उसने घेते आणि नावांतून अर्थ देते. तिचा इतिहास दोन टोकांमध्ये फिरतो. एका टोकाला ह्वेइझोंगची बाग आहे, जिथे एकाच्या सुखाची किंमत हजारोंनी मोजली. दुसऱ्या टोकाला ‘आधी लोक, मग आपण’ हा विचार आहे, जो नावाच्या रूपाने ओकायामाला आणि बागेच्या रूपाने पुण्याला पोहोचला. या बागांतील दगड आणि झाडे अनेकदा बदलली. रचनेची रीत, नोंदी आणि नावे जपणारे लोक होते, म्हणून बागा टिकल्या.

स्वाध्याय

१. चारबाग आणि चिनी विद्वानाची बाग यांच्या रचनेतील तीन फरक उदाहरणांसह लिहा.
२. ‘उसने दृश्य’ ही कल्पना स्पष्ट करा. आपल्या शहरातील एखादे उसने दृश्य कोणत्या कारणाने झाकले गेले आहे ते पाहून नोंदवा.
३. आपल्या परिसरातील ‘तलाव’, ‘बांधा’, ‘बाग’ असे शब्द असलेली स्थळनामे गोळा करा. त्यांपैकी किती ठिकाणी आज पाणी किंवा झाडे आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन तपासा आणि जुन्या रहिवाशांना विचारून टिपण तयार करा.